साखर निघाली, आता लपवायची नाही

(बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये राहणारे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचारी, निवृत्तिवेतनधारक आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या रविवारच्या सभेत केलेले भाषण. सहा जणांच्या वतीने एकाने ते केले, म्हणून त्यात सर्वत्र ‘आम्ही’ असे आले आहे.)



शहाजीराजांची जहागीर असलेल्या ह्या बंगळुरात आपण मराठी माणसे नवी नाही. मात्र एचएसआर लेआउटमध्ये, म्हणजे होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या मधल्या ह्या वसाहतीत, आपल्यापैकी बहुतेकजण मुलांच्या पाठोपाठ आलो. मुलगा किंवा सून संगणकाच्या कंपनीत, आणि आपण भुसावळ, मिरज, सोलापूर, दौंड अशा ठिकाणी नोकरी पुरी करून इथल्या सातव्या मजल्यावर. काहीजण अजून ड्यूटीवर आहेत आणि सिल्क बोर्डाच्या गर्दीतून रोज स्टेशन नाही तर सॉर्टिंग ऑफिस गाठतात. सकाळी अगरा तलावाच्या कडेने फिरताना आपल्या ओळखी झाल्या. फिरता फिरता असे लक्षात आले, की आम्हा सहाजणांना एकच दुखणे आहे. इथे त्याला ‘सक्करे कायिले’ म्हणतात. आपण ‘साखर’ म्हणतो आणि आवाज खाली आणतो.

आम्ही कोण, ते आधी सांगतो. एक निवृत्त गार्ड आहेत. २०२२ पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या तोंडी गार्डच बसले आहे. एक लोको पायलट होते, एक ट्रॅकमन, एक पोस्टमन, एक पोस्टमास्तर, आणि आर.एम.एस.मधल्या एक सॉर्टर भगिनी. आमच्यात डॉक्टर कोणी नाही. औषध कोणते व किती हे आम्ही सांगणार नाही, आणि आम्ही सांगितले तरी तुम्ही ऐकू नये. ज्यांच्या हातात गेल्या महिना-दोन महिन्यांत पहिला रिपोर्ट पडला आहे, त्यांच्याशी आम्ही बोलत आहोत. आमच्याकडून जे चुकले, ते त्यांच्याकडून चुकू नये, एवढ्यासाठी ही सभा.

सर्वांत मोठी चूक आधी सांगतो. आमच्यातले लोको पायलट ह्यांना वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. बाहेरच्या एका प्रयोगशाळेत सहज तपासले होते. त्यांनी घरी सांगितले, पण रेल्वेच्या डॉक्टरांना सांगितले नाही. कारण तुम्हा रेल्वेवाल्यांना सांगायला नको. इंजिन चालवणारा माणूस ए-वन वर्गात. वैद्यकीय वर्ग गेला की इंजिन गेले, इंजिन गेले की किलोमीटर भत्ता गेला. घराचे कर्ज, दोन मुलांचे शिक्षण, सगळे त्या भत्त्यावर उभे. मग नियतकालिक तपासणी जवळ आली की हे गृहस्थ पंधरा दिवस भात, बटाटा, गोड सगळे बंद करायचे, कारल्याचा रस प्यायचे, बाहेरच्या डॉक्टरची गोळी नेमाने घ्यायचे. त्या दिवशी उपाशीपोटीची साखर बरी यायची. तपासणी पार पडली की गोळी बंद, कारण रनिंग रूममध्ये कोणी पाकीट पाहिले तर? अशी सहा वर्षे गेली. सातव्या वर्षी एका सकाळी त्यांना उजव्या डोळ्यापुढे काळे जाळे दिसू लागले. डोळ्याच्या पडद्यावरच्या नाजूक शिरांतून रक्त आले होते. डॉक्टरांनी सांगितले, चार वर्षांपूर्वी पडदा तपासला असता तर लेसरने काम भागले असते.

ज्या भत्त्यासाठी लपवले तो गेलाच, वर डोळाही अधू झाला. आणि एक गोष्ट ते स्वतः सांगतात, म्हणून आम्ही इथे बोलू शकतो. त्या सहा वर्षांत त्यांच्या मागे दर फेरीला हजार-बाराशे माणसे झोपलेली असत.

आम्ही त्यांना दोष देत नाही. भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीने त्यांचे नुकसान वाचले नाही, वाढले. ह्या मुद्द्याकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ, कारण तो एकट्या माणसाचा नाही, संघटनेचाही आहे.

आता हा रोग आहे तरी काय? पोस्टमास्तरांनी आम्हाला तो त्यांच्या भाषेत समजावला आणि आम्हाला तो तसाच पटला. आपण भाकरी, भात, पोळी खातो, त्याची पोटात साखर होते. ती साखर म्हणजे टपाल. रक्त हा रस्ता. शरीरातली प्रत्येक पेशी म्हणजे एक घर. आणि इन्सुलिन हा पोस्टमन. पोस्टमनने दार वाजवायचे, घराने उघडायचे, टपाल आत जायचे. आपल्याला मोठ्या वयात होतो त्या मधुमेहात, ज्याला दुसऱ्या प्रकारचा म्हणतात, आधी घरे दार उघडेनाशी होतात. स्वादुपिंड जादा पोस्टमन पाठवते, ओव्हरटाइम करते, काही वर्षे काम निभावते. मग ते थकते. टपाल रस्त्यावर साचत जाते. त्यातच यकृत नावाचे एक गोदाम आहे. त्याला रात्री मागणी नसतानाही माल बाहेर काढायची सवय लागते. म्हणून पुष्कळजण म्हणतात, ‘रात्री जेवलोच नाही, तरी सकाळी साखर जास्त कशी?’ ती गोदामातून आली. लहान मुलांत आणि तरुणांत होणाऱ्या पहिल्या प्रकारात पोस्टमनच नाहीसा होतो. तिथे इन्सुलिन टोचण्याला पर्याय नाही, एक दिवसही नाही.

रस्त्यावर साचलेल्या साखरेने दुखत काही नाही. हाच ह्या रोगाचा कावा. ती सावकाश शिरांची नासाडी करते, डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या, पायांतल्या मज्जातंतूंच्या, हृदयाच्या. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९१ ह्या काळात नव्याने मधुमेह निघालेल्या ५,१०२ जणांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ साली आले. साखर नीट ताब्यात ठेवलेल्यांत डोळे, मूत्रपिंडे वगैरेंचे उपद्रव चौथ्या हिश्शाने कमी झाले. त्याच अभ्यासात दिसले, की जवळजवळ निम्म्या लोकांत रोग कळला त्या दिवशीच कुठला ना कुठला उपद्रव सुरू झालेला होता. म्हणून ‘आत्ताच तर निघाली आहे, डोळे पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणायला जागा नाही. डोळ्यांचा पडदा, लघवीतले अल्ब्युमिन, रक्तातले क्रिॲटिनिन, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि पायांची संवेदना हे सगळे पहिल्याच महिन्यात तपासून घ्या, आणि मग दरवर्षी.

रिपोर्टावरचे आकडे कसे वाचायचे? उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसरी चाचणी करून खात्री करतात. हे एचबीएवनसी लक्षात ठेवा. बोट टोचून मिळणारा आकडा म्हणजे त्या मिनिटाची नोंद, अमुक गाडी अमुक वाजता आली एवढीच. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा वक्तशीरपणाचा अहवाल, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळातली साखर त्यांना चिकटलेली असते. पंधरा दिवस कारले पिऊन तो अहवाल बदलत नाही. बहुतेकांसाठी तो ७ च्या खाली असावा, उपाशीपोटी साधारण ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत. वय झालेल्यांना किंवा हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर थोडी सूट देतात. अंगात रक्त कमी असेल तर हा अहवाल फसवू शकतो, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आमचे पोस्टमन बंधू पहिला रिपोर्ट पाहून भांडायलाच उठले होते. ‘आम्ही आयुष्यभर बीट फिरलो, अंगावर मांस नाही, आम्हाला साखर कशी?’ त्यांना आम्ही पुण्याची हकिकत सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा अंक दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन ह्यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिक ह्यांच्या अंगात २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ, आतून चरबी, अशी आपल्याकडच्या पुष्कळांची ठेवण आहे. म्हणून काट्यावर विसंबू नका, कमरेला टेप लावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपली मर्यादा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले, त्यात मधुमेही १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख. तेव्हा पोस्टमन बंधूंनी लाज वाटून घ्यायचे काही कारण नव्हते. शिवाय बीट फिरणे तरी आता पूर्वीचे कुठे राहिले? बुडाखाली दुचाकी आली आणि इमारतींना लिफ्ट.

चालण्याचा विषय निघाला म्हणून आपल्या अभिमानाची एक गोष्ट. व्यायामाने हृदयविकार टळतो हे प्रथम ठळकपणे दाखवले गेले ते कामगारांवरून. लंडनचे डॉ. जेरी मॉरिस ह्यांनी १९५३ साली दाखवले, की दिवसभर बसणाऱ्या बस ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. आणि त्याच अभ्यासात टपाल खात्यातले टेबलावरचे कारकून व टेलिफोन ऑपरेटर एका बाजूला आणि टपाल वाटणारे पोस्टमन दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी तेच दाखवले. मधुमेह्याला तर चालणे औषधासारखे आहे, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनची फार वाट न पाहता साखर ओढून घेतो. आठवड्याला दीडशे मिनिटे हे प्रमाण सांगतात. अगरा तलावावर सकाळी एकदा जाऊन दिवसभर खुर्चीत बसण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे फिरणे आम्हाला जास्त लाभले. ज्यांच्याकडे साखर मोजायचे यंत्र आहे त्यांनी एकदा जेवून बसून आणि एकदा जेवून फिरून मोजून पाहावे. आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही.

आता जेवण. ह्या विषयावर प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो, म्हणून आम्ही जपून बोलतो. पहिली गोष्ट चहाची. रेल्वेत आणि टपालात दिवसाला सहा कप चहा होतोच. कपाला दोन चमचे धरले तरी बारा चमचे, म्हणजे साठेक ग्रॅम साखर नुसत्या चहातून. इथली फिल्टर कॉफी आणखी गोड. हे बंद करणे सर्वांत सोपे आणि सर्वांत लाभाचे. आठ दिवस तोंड वाकडे होते, नंतर गोड चहाच नकोसा वाटतो. गूळ किंवा मध घातला तर चालतो हा गैरसमज आहे, रक्तात गेल्यावर तो साखरच होतो.

दुसरी गोष्ट ताटाची. अर्धे ताट भाजी, कोशिंबीर, पालेभाजी. पाव ताट डाळ, उसळ, अंडे, मासे. उरलेल्या पावात भाकरी किंवा भात. आपले ताट नेमके उलटे असते, भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी. ज्वारीची भाकरी चांगली, पण चांगली म्हणून चार खाल्ल्या तर ती चांगली राहत नाही. इथल्या नाचणीचेही तसेच. शेजारणी सांगतात ‘रागी खा’, आणि खरेच त्यात चोथा आहे, कॅल्शियम आहे. पण बारीक दळलेल्या नाचणीचा मोठा गोळा किंवा गूळ घातलेली आंबील साखर वाढवतेच. इडली-डोसा म्हणजे मुख्यतः तांदूळ, तेव्हा तीनाऐवजी दोन, आणि सांबारातली डाळ-भाजी जास्त. उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा म्हणजे शुद्ध पिष्ट. गोळ्या चालू असताना निरंकार उपास तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. आमच्या सॉर्टर भगिनींनी संकष्टी सोडली नाही, तिचे रूप बदलले. दही, शेंगदाणे, एखादे फळ. गणपती रागावला नाही असे त्या म्हणतात.

रात्रपाळीवाल्यांचे मात्र वेगळे. पुस्तकात ‘सकाळी न्याहारीआधी एक गोळी’ असे लिहिलेले असते. ज्याची न्याहारी संध्याकाळी सहाला होते त्याने काय करायचे? फिरत्या रात्रपाळीने मधुमेहाची शक्यता वाढते हे परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात २०११ साली दिसून आले आहे. आपले रोस्टर आपल्या हातात नाही, पण ते कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवणे आपल्या हातात आहे. ‘साहेब, मी अमुक वाजता जेवतो, अमुक वाजता झोपतो’ असे सांगा आणि गोळ्या त्याप्रमाणे लावून घ्या. मुख्य जेवण ड्यूटीपूर्वी घरी करावे, मध्यरात्री हलके काही खावे, आणि तीन वाजताची भजी टाळावी.

गोळ्यांच्या काही जातींनी साखर एकदम खाली जाऊ शकते. सॉर्टर भगिनींना ग्लिमेपिराइड होती. एका रात्री थैल्या फार आल्या, गोळी घेतली होती पण डबा उघडायला वेळ झाला नाही. पहाटे तीनला त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. त्या एका पत्रावरचा पत्ता वाचत होत्या आणि अक्षरे ओळखू येत नव्हती. शेजारच्यांना वाटले, दमल्या आहेत. कोणाला माहीतच नव्हते, कारण त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. एका पॅकर बंधूच्या वडिलांना मधुमेह होता, त्यांनी ओळखले आणि तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत त्या सावरल्या. उपाय तेवढाच आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा अशी लक्षणे दिसली, की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच, आणि मग पोटभर काहीतरी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

इथे आमच्या गार्डसाहेबांचा एक इशारा सांगतो. साखर उतरलेला माणूस प्यालेल्या माणसासारखा दिसतो. पाय लटपटतात, जीभ जड होते, चिडतो. ड्यूटीवर असे झाले तर भलताच ठपका यायचा. म्हणून खिशात एक चिठ्ठी ठेवा, ‘मला मधुमेह आहे, ह्या गोळ्या घेतो, घरचा फोन अमुक’. आणि ग्लुकोजची पुडी. गार्डसाहेब ती पुडी जुन्या लाइन बॉक्समध्ये डिटोनेटरच्या डबीशेजारी ठेवत, आणि म्हणत की दोन्ही धोक्यासाठीच आहेत.

मेटफॉर्मिन ही बहुतेकांना पहिली मिळणारी गोळी. ती जेवणाबरोबर घेतली की पोटाचा त्रास कमी होतो. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते, ते अधूनमधून तपासावे. ती जुनी व स्वस्त आहे म्हणून कमी प्रतीची समजू नका. जनऔषधी केंद्रात तीच गोळी आणखी कमी दरात मिळते.

इन्सुलिन सांगितले की ‘आता शेवट आला’ असे घरचे समजतात. टोरांटोला १९२१ साली ते सापडले आणि जानेवारी १९२२ मध्ये मरणाच्या दारातल्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचले, तो जगला. शोधकांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला माणशी एका डॉलरला देऊन टाकले, नफा नको म्हणून. ज्या औषधाने माणसे मरणाची वाचतात, त्याला मरणाचे औषध म्हणणे बरे नाही. कधी ते काही आठवडे लागते, कधी कायम.

आणि ‘मुळासकट बरा’? डब्यांत चिकटवलेल्या त्या जाहिराती आपणच रोज पाहतो. मेथी, कारले भाजी म्हणून जरूर खा, गोळीच्या बदली नको. खरे काय आहे ते एवढेच, की २०१७ साली ब्रिटनमध्ये रोग होऊन सहा वर्षांच्या आतल्या, वजन जास्त असलेल्या लोकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरेच वजन उतरवले, तेव्हा वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली राहिली. वजन पुन्हा चढले की ती परत येते. नव्याने निघालेल्यांना ही संधी जास्त आहे, आमच्यासारख्या जुन्यांना कमी.

पायांविषयी आमचे ट्रॅकमन बंधू बोलले असते, पण त्यांना सभेत बोलायचा संकोच आहे. बुटात खडीचा खडा गेला, दिवसभर त्यावर चालले आणि संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसला तेव्हा कळले. पाय बधिर झाले होते. जखम पाच महिने चालली, अंगठा गेला. रोज रात्री तळपाय आरशात पाहा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, बूट घालण्याआधी झटका, अनवाणी फिरू नका. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालू नका. कुरूप ब्लेडने कापू नका. तंबाखू सोडा, मळलेली आणि ओढलेली दोन्ही. पाठदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना जड जातात, तेव्हा थैल्या उचलणाऱ्यांनी जपावे. साखर कमी-जास्त होत असताना नजर अंधुक होते, म्हणून ती स्थिरावेपर्यंत नवा चष्मा करू नये. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासा, मधुमेह्याला क्षय लवकर गाठतो.

आता तो राहिलेला मुद्दा. लपवू नका असे आम्ही म्हणतो, पण माणूस लपवतो तो नोकरीच्या धाकाने. म्हणून नोकरीचे काय होते हे माहीत असले पाहिजे. रेल्वेत वैद्यकीय वर्ग उतरला म्हणून नोकरी जात नाही. पर्यायी जागा द्यावी लागते, जागा मिळेपर्यंत त्याच वेतनश्रेणीत जादा पदावर ठेवावे लागते, आणि रनिंग स्टाफला पर्यायी पदावर घेताना मूळ वेतनाच्या तीस टक्के धरून वेतननिश्चिती होते. किलोमीटर भत्ता बुडतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो एक भाग आहे, सर्वस्व नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४७ व्या कलमाने, आणि आता २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या २० व्या कलमाने, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही की हुद्दा उतरवता येत नाही. पाय गमावलेल्या एका जवानाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग खटल्यात हे स्पष्ट केले आहे. शिवाय साखर निघाली म्हणजे लगेच वर्ग गेला असेही नसते. कोणत्या वर्गाला कोणते औषध चालते ह्याचे नियम आहेत आणि ते बदलत असतात. टपरीवर ऐकून घाबरू नका, शाखा सचिवाला घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि शाखा सचिवांनी ती गोष्ट पोटात ठेवावी. आमच्या लोको पायलट बंधूंनी सहा वर्षांत संघटनेकडे एकदाही विचारणा केली नाही, ह्याचे आम्हाला त्यांच्यापेक्षा संघटनेबद्दल जास्त वाईट वाटते.

काही मागण्या आम्ही लिहून दिल्या आहेत, त्या शाखेच्या पुढील सभेत यायच्या आहेत. प्रत्येक रनिंग रूममध्ये आणि सॉर्टिंग ऑफिसात साखर मोजायचे यंत्र व ग्लुकोज असावे. रनिंग रूमच्या जेवणात उसळ आणि कच्ची भाजी रोज असावी. ज्याला साखरेमुळे वरचेवर लघवीला जावे लागते त्याचे इंजिनात काय हाल होतात ते बाहेरच्यांना कळणार नाही. पुष्कळ इंजिनांत अजून सोय नाही, आणि भगिनी इंजिनावर आल्या तरी हा प्रश्न रेंगाळतोच आहे. आणि ग्रामीण डाक सेवक. खाते तेच, थैली तीच, पण आपल्याला सीजीएचएस आहे आणि त्यांना नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीच्या पुढच्यांची साखर व रक्तदाब मोफत तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचा लाभ त्यांनी घ्यावाच. पण त्यांची मागणी आपल्या मागणीपत्रात आपल्याच्या वर लिहिली गेली पाहिजे, खाली नव्हे.

आमचे बोलणे इथे थांबवतो. मागच्या टेबलावर यंत्र ठेवले आहे. ज्यांना बोट टोचून घ्यायचे आहे त्यांनी शेवटचे कधी खाल्ले ते आधी सांगावे. आकडा तुमच्याच हातात मिळेल, मोठ्याने वाचला जाणार नाही. कोणाचा आकडा जास्त आला तर सोमवारी त्यांच्याबरोबर दवाखान्यात यायला आमच्यातले दोघे मोकळे आहेत. चहा बिनसाखरेचा केला आहे, ज्यांना हवी त्यांच्यासाठी साखर वेगळ्या वाटीत आहे.